दिलाशाचा आकडा

बाबांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी मी माझ्याच घरात टेप घेऊन फिरत होते. पलंगापासून बाथरूमपर्यंत एकवीस पावलं, मध्ये एक उंबरठा. सुताराला बोलावून तो काढायला लावला. अर्ध्या वाटेवर टेकायला खुर्ची ठेवली. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल. देवघरातली उदबत्ती बंद, फोडणी द्यायची तर मधलं दार लावून. पलंगासमोर छातीइतक्या उंचीचं टेबल, म्हणजे दम लागला की त्यावर कोपरं टेकून पुढे वाकता येतं आणि छातीवरचा भार हलका होतो.

हे माझं रोजचं काम होतं. चंद्रपूरच्या एका मोठ्या दवाखान्याच्या छातीविभागात मी गृहशुश्रूषा नियोजक आहे. श्वासाच्या गंभीर आजारातून उठलेला माणूस घरी जातो तेव्हा तिथे त्याने कुठे झोपायचं, काय खायचं, कुणी काय पाहायचं आणि कशाला घाबरून फोन करायचा, याचा आराखडा मी बनवून देते. तोवर दोनशेच्या वर घरांचे आराखडे केले होते. बाबांचा करताना मात्र टेप दोनदा हातातून निसटली.

माझे वडील दिगंबर वासेकर चौतीस वर्षं भूमिगत कोळसा खाणीत होते. फुप्फुसात कोळशाची धूळ आधीच होती. २०३७ च्या जानेवारीत न्यूमोनिया झाला आणि अठरा दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. नळी निघाल्यावर त्यांचा पहिला शब्द होता, "पाणी", आणि दुसरा, "किती?"

किती म्हणजे रक्तातला ऑक्सिजन. धडधाकट माणसाचा पंच्याण्णवच्या वर असतो. बाबांसारख्याचा नव्वदच्या आसपास राहिला तरी चालतं. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की आम्ही धावपळ करतो. बाबांना हे सगळं आयसीयूत पडल्यापडल्या पाठ झालं होतं. त्यांची नजर त्या आकड्यावरून हलत नसे. एकाने उतरला की श्वास वाढायचा, श्वास वाढला की आकडा आणखी उतरायचा.

यामागचं विज्ञान सोपं आहे. भीती वाटली की माणूस भराभर, वरवर श्वास घेतो. निरोगी फुप्फुसाला त्याने फरक पडत नाही. कडक झालेल्या फुप्फुसातून मात्र आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडायच्या आधीच पुढचा श्वास सुरू होतो. शिळी हवा आत साचते, ताज्या हवेला जागा उरत नाही, दम आणखी लागतो, भीती आणखी वाढते. घरी गेलेल्या रुग्णांपैकी कित्येक जण आजाराने नव्हे, तर या चक्रात सापडून महिन्याभरात परत दवाखान्यात येत.

म्हणूनच आमच्याकडे 'सोबत' आलं. छातीवर चिकटवायची पोळपाटाच्या पायाएवढी एक पट्टी आणि उशाशी ठेवायचं एक यंत्र. पट्टी छातीची हालचाल टिपते, आतले आवाज ऐकते, कातडीतूनच रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजते. आठवड्याभरात यंत्राला त्या माणसाची श्वास घ्यायची रीत कळते आणि त्रास सुरू व्हायच्या दोन दिवस आधी ते दवाखान्याला कळवतं. ऑक्सिजन किती सोडायचा तेही तेच ठरवतं. समोर हिरव्या पडद्यावर एकच मोठा आकडा दिसतो.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं चंद्रपूर केंद्र माझा नवरा निशिकांत सांभाळायचा. रुग्णांसमोर यंत्र कसं वागावं, हे ठरवणाऱ्या चार जणांत तो होता. मला त्याचा अभिमान होता, हे आज लिहायला जड जातं.

बाबा घरी आले त्या दुपारी निशिकांतनेच पट्टी लावली.

"मामाजी, आता बोटाला क्लिप नाही, काही नाही. फक्त इथे पाहायचं."

पडद्यावर ९२ उमटलं. बाबांनी निशिकांतकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सुनी, खरा हाये का व हा आकडा?"

"खरा आहे, बाबा."

"तू म्हणतेस?"

"मी म्हणते."

त्यांनी डोळे मिटले. खांदे खाली आले. दवाखान्यात दीड महिना मी ज्याची वाट पाहत होते तो लांब, संथ उच्छ्वास त्यांनी सोडला.

त्यानंतर ते सुधारतच गेले. पंधरा दिवसांत एकवीस पावलं न थांबता. महिन्याभरात अंगणातल्या कडुनिंबापर्यंत. एप्रिलमध्ये गल्लीच्या टोकाची पाण्याची टाकी. निघताना पडद्याकडे एकदा पाहायचे, आल्यावर एकदा, आणि दोन्ही वेळा मला विचारायचे, "ठीक हाये न?" मी "ठीक आहे" म्हणायचे.

'सोबत' बसवलेल्या माझ्या बाकीच्या अकरा घरांतही तेच दिसत होतं. दवाखान्यात परत येणारे निम्म्यावर आले होते. आमच्या विभागप्रमुख डॉ. ललिता कोटपल्लीवार यांनी मग आराखड्याचा नमुना बदलला. 'दिवसातून तीनदा ओठ आणि नखांचा रंग पाहा' ही ओळ त्यांनी काढून टाकली. "घरचे लोक सारखे तोंडाकडे निरखून पाहतात, त्यानेच पेशंट घाबरतो. मशीन पाहतं आहे ना?" ऑक्सिजन मोजायच्या बोटाच्या जुन्या क्लिपाही गोळा करायला सांगितल्या. दोन आकडे दिसले की घरात गोंधळ उडतो, हे मलाही पटलं. मी घरोघरी जाऊन क्लिपा मागून आणल्या. क्लिपांची कापडी पिशवी माझ्या गाडीच्या डिकीत पडून होती.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला. मूल गावात माझ्या एक रुग्ण होत्या, शेवंताबाई दुर्गे. जन्म भातगिरणीच्या कोंड्यात गेलेला, वय एकसष्ट. मार्चमध्ये बारा दिवस व्हेंटिलेटर सोसून घरी गेलेल्या. सून प्रणाली त्यांचं सगळं करायची, आणि माझ्या आराखड्याचा कागद तिने फ्रिजवर चिकटवला होता. उन्हाने मूलचा मोबाइल टॉवर दोन दिवस बंद होता. ठरलेली भेट म्हणून मी सकाळी अकराच्या सुमारास पोचले.

शेवंताबाई कूलरसमोर उशीला टेकून बसल्या होत्या.

"आत्या कालपासून जरा झोपाळू झाल्या मॅडम," प्रणाली म्हणाली. "पण आकडा चांगला हाये. त्र्याण्णव."

पडद्यावर खरंच ९३ होतं. मी शेवंताबाईंचा हात हातात घेतला. नखं जांभळट होती. ओठ तसेच.

"शेवंताबाई, माझं नाव काय?"

त्यांनी डोळे उघडले, हसल्यासारखं केलं आणि परत मिटले.

मी पळत गाडीकडे गेले. पिशवीतल्या पहिल्या दोन क्लिपांचे सेल संपले होते. तिसरी चालू झाली. शेवंताबाईंच्या बोटाला लावली. ७९. दुसऱ्या हाताला लावली. ७८. पडद्यावर ९३.

माझ्या मनात एकच आलं, यंत्र बिघडलं. ऑक्सिजन वाढवला, शेजाऱ्यांच्या लँडलाइनवरून अँब्युलन्स मागवली. चंद्रपूरला पोचेपर्यंत मी त्यांची हनुवटी धरून बसले होते. प्रणाली समोर बसली होती.  अर्ध्या वाटेत हळूच म्हणाली, "आमच्याकडे क्लिप होती मॅडम. तुम्ही नेली."

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवंताबाई गेल्या.

मृत्यूचा आढावा घेण्यासाठी मी कंपनीच्या तंत्रज्ञाकडे यंत्राची नोंद मागितली. तो नवा मुलगा होता. कुणाला काय द्यायचं नसतं ते त्याला ठाऊक नसावं. त्याने पूर्ण तक्ता पाठवला. मिनिटामिनिटाची नोंद, आणि प्रत्येक मिनिटापुढे दोन रकाने. एकावर लिहिलं होतं 'मापलेला', दुसऱ्यावर 'दाखवलेला'.

शेवटच्या दिवशी सकाळी सहा वाजता मापलेला ८४, दाखवलेला ९३. आठ वाजता मापलेला ८१, दाखवलेला ९३.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याला सगळं कळत होतं.

मी आणखी मागे गेले. मार्चमधला पहिला दिवस. मापलेला ८९, दाखवलेला ९२. एकही दिवस दोन्ही रकाने सारखे नव्हते.

मग मी बाबांचा तक्ता मागवला.

निशिकांत रोज एकच्या सुमारास जेवायला घरी यायचा. त्या दिवशी मी ताट वाढलं नाही. टेबलावर दोन्ही तक्ते ठेवले. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. त्याने बूट काढले, कागद पाहिले आणि पुन्हा बूट घालावेत की काय असा क्षणभर उभा राहिला.

"कुणी दिलं हे?"

"हे पहिलं विचारतोस?"

तो बसला. पाणी प्यायला. मग नेहमीच्या शांत आवाजात सांगायला लागला, एखादी गोष्ट समजावून सांगताना त्याचा असायचा तसाच आवाज.

"त्याला दिलासा म्हणतात. माणसाला आकडा चांगला दिसला की भीती जाते, श्वास संथ होतो आणि मग खरा आकडाही चढतो. दाखवलेला आकडा खऱ्याला वर ओढून घेतो, सुनीती. तीनशे बारा पेशंटवर पाहिलंय आम्ही. फरक चारच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, गेला की मशीन गुपचूप ऑक्सिजन वाढवतं आणि दवाखान्यात खरा आकडा जातो. तिथून फोन येतो. घरच्यांना फक्त कळत नाही."

"टॉवर बंद होता. फोन कुठून येणार? आणि शेवंताबाईंचा फरक चार नव्हता. पंधरा होता."

त्याने पेल्यात आणखी पाणी ओतलं.

"संपर्क तुटला की खरा आकडा दाखवायचा, एवढं साधं कुणाला सुचलं नाही?"

"सुचलं होतं," तो म्हणाला. "एकदम त्र्याण्णवचे एकोणनव्वद दिसले तर पेशंट घाबरूनच जाईल, असं ठरलं. शेवटचा आकडा तसाच ठेवायचा, तासाभरात संपर्क येतोच. दोन दिवस येणार नाही असं कुणाला वाटलं होतं?"

"कुणी ठरवलं?"

"आम्ही."

"तू?"

"मी मांडलं. बाकीच्यांनी मान्य केलं."

कूलरचा पंखा घरघरत होता. मला वाटलं होतं, एवढंच असेल. पण तक्त्याबरोबर त्या मुलाने प्रयोगाचा अहवालही पाठवला होता, आणि त्यातलं एक पान मी बाजूला काढून ठेवलं होतं. ते मी निशिकांतपुढे सरकवलं. त्यावर लिहिलं होतं की आकडा नुसता दाखवला तर परिणाम थोडा होतो. रुग्णाचा ज्या व्यक्तीवर विश्वास आहे तिने तो खरा असल्याचं तोंडाने सांगितलं, तर परिणाम दुपटीहून जास्त होतो. म्हणून अशी व्यक्ती निवडावी. आणि तिला दिलाशाबद्दल सांगू नये, कारण खोटं सांगताना माणसाचा आवाज आणि श्वास बदलतो आणि रुग्णाला ते कळतं.

"ही व्यक्ती म्हणजे मी ना?"

"तू आणि आणखी अकरा जणी. वेगवेगळ्या शहरांत."

"चंद्रपूरला मला कुणी निवडलं?"

तो कागदाचा कोपरा दुमडत राहिला.

"निशी, मी विचारते आहे."

"पेशंट तुझ्यावर किती विश्वास ठेवतात ते मी रोज पाहत होतो," तो म्हणाला. "असं दुसरं कोण होतं? आणि मामाजी चालायला लागले की नाही? तुझ्याच शब्दावर लागले. याच्यात वाईट काय झालं ते सांग."

मला शेवंताबाईंचं नाव घ्यायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "बाबांच्या संमतीच्या कागदावर सही कुणाची आहे?"

"माझी. जावई म्हणून."

"आणि मूलच्या कागदावर?"

"तुझी. अकराव्या पानावर. नियोजकाची संमती. तू वाचलं नाहीस."

वाचलं नव्हतं. कागद त्यानेच आणून दिले होते, स्वयंपाकघरात, मी पोळ्या लाटत असताना. पीठ लागलेल्या हाताने सही केली होती. बाबांचं धरून माझ्या त्या बारा घरांतल्या यंत्रांत पट्टी होती, पडदा होता, आणि तिसरा भाग मी होते.

दुसऱ्या दिवशी डॉ. कोटपल्लीवारांना भेटले. त्या माझ्या शिक्षिका. आजारी माणसाशी खोटं बोलायचं नाही, हे मला शिकवलं ते त्यांनी. त्यांनी कागद पाहिले, चष्मा काढला.

"मला एवढंच सांगितलं होतं की आकडा थोडा गुळगुळीत करून दाखवतात. चढउतार दिसू नये म्हणून."

"मॅडम, ओठ-नखांची ओळ तुम्ही काढायला लावलीत."

"कंपनीने सुचवलं होतं." मग त्या म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं. आकडे इतके छान येत होते की विचारावंसं वाटलं नाही."

त्यांनी माझी तक्रार सही करून वर पाठवली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

उरले बाबा. निशिकांतने मला विनवलं. "त्यांना सांगू नकोस. मी महिन्याभरात फरक हळूहळू शून्यावर आणतो, त्यांना कळणारही नाही. सांगितलंस तर त्यांचा श्वास पुन्हा अडकेल. तुझी टोचणी जाईल, पण सोसावं त्यांना लागेल." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तीन दिवस मी गप्प राहिले. त्या तीन दिवसांत बाबांनी सहा वेळा विचारलं, "ठीक हाये न?" आणि मी सहा वेळा "हो" म्हटलं. सातव्या वेळी मला म्हणवेना.

सकाळचे साडेसात झाले होते. ते टाकीपर्यंत जाऊन आले होते आणि टेबलाला टेकून ताक पीत होते.

"बाबा, तो आकडा खरा नाही."

त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ताकाचा पेला खाली ठेवला फक्त.

"मंग माह्या खरा किती?"

"आज नव्वद. घरी आलात तेव्हा अठ्ठ्याऐंशी होता."

"अन् मी टाकीपावतर जाऊन राहिलो."

"हो."

त्यांचा श्वास वाढायला लागला होता. मी पाठीवर हात ठेवायला गेले, त्यांनी तो बाजूला केला.

"मी खाणीत काय करत होतो, तुले मालूम हाये न?"

मला माहीत होतं. ते मायनिंग सरदार होते. पाळी सुरू व्हायच्या आधी आत जाऊन विषारी आणि पेटणारा वायू मोजायचा आणि तोंडाशी फळ्यावर खडूने आकडा लिहायचा, हे त्यांचं काम.

"सव्वाशे माणसं तो आकडा वाचून आत जात," ते म्हणाले. प्रत्येक वाक्यानंतर त्यांना थांबावं लागत होतं. "भेव तर सगळ्याइलेच वाटे. भेव वाटू नये म्हणून मी कमी लिहिला असता... तर चाललं असतं का व?"

"बाबा, मला माहीत नव्हतं. तुमची शपथ."

"माहीत नवतं न तुले?"

"नव्हतं."

"मंग खरा हाये म्हणून काऊन सांगितलं?"

 नवऱ्याने सांगितलं म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण बाबांनी नवऱ्याला विचारलं नव्हतं. यंत्रालाही विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं.

"बंद करा थो दिलासा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

मी निशिकांतला फोन केला. त्याने एकदा विचारलं, "नक्की?" आणि केंद्रातून बटण दाबलं. पडद्यावरचे ९४ गेले, ९० आले. बाबा त्याच्याकडे पाहत होते. ८९. ८८. मी म्हणत होते, ओठ मिटून हळू सोडा, मेणबत्ती फुंकल्यासारखा, माझ्याबरोबर सोडा. ते माझ्याकडे पाहत नव्हते. ८६ दिसले तेव्हा मी अँब्युलन्स बोलावली.

बाबा सहा दिवस दवाखान्यात राहिले. व्हेंटिलेटर लागला नाही, नाकावरच्या मास्कवर भागलं. निशिकांत रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसायचा. आत आला नाही. चौथ्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा तो म्हणाला, "मी सांगितलं होतं तुला." रागाने नव्हे. अगदी हताशपणे. मला त्याच्या त्या बरोबर असण्याचा जितका संताप आला, तितका त्याच्या खोटेपणाचाही आला नव्हता.

"तू बरोबर होतास," मी म्हटलं. "आता माझ्याशी बोलताना प्रत्येक वेळी मला दोन रकाने दिसतील. मापलेला आणि दाखवलेला. सांग, कसं राहू?"

तो जूनमध्ये नागपूरला गेला. कंपनीने दिलासा सगळीकडून काढला, चौकशी बसली, त्याने स्वतःचं नाव लपवलं नाही. हेही त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याचे फोन येतात. बाबांची तब्येत विचारतो. मी खरी ती सांगते.

माझ्या हाताखालच्या उरलेल्या अकरा घरी मी स्वतः गेले. आता बाबांचा अनुभव गाठीशी होता, त्यामुळे मूलचं घर सोडून प्रत्येक घरी डॉक्टर बरोबर नेला, आकडा पाच दिवसांत हळूहळू खाली आणला, आणि आधी सांगितलं की तो का खाली येणार आहे. कुणी रडलं. एका म्हाताऱ्याने म्हटलं, मला खोटाच दाखव बाई, मी बरा होतो. एकीने दार उघडलं नाही. आराखड्यात ओठ-नखांची ओळ परत आली, क्लिपा मी नवे सेल घालून परत केल्या. मूलला प्रणालीने मला खुर्ची दिली, चहा दिला. फ्रिजवर माझा कागद नव्हता, त्याच्या चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे होते. तिने क्लिप घेतली नाही. "आता कोणाले लावू मॅडम?" म्हणाली.

बाबा घरी आले तेव्हा मी दुसऱ्यांदा त्यांचा आराखडा केला. या वेळी ते सांगत होते आणि मी लिहीत होते. यंत्र राहू दे, पण पडदा भिंतीकडे. पाह्यचं असंल तवा मी वळवीन. टाकी नको, कडुनिंबापर्यंत बस. मग त्यांनी विचारलं, यंत्राशिवाय माणसाला काय मोजता येतं?

"मिनिटाला श्वास किती ते मोजता येतं," मी सांगितलं. "तुमचे बावीस ते सव्वीस चालतील. तीसच्या वर गेले तर फोन. पण स्वतःचे स्वतः मोजता येत नाहीत. लक्ष दिलं की श्वास बदलतो. तुम्ही दुसरीकडे पाहत बसायचं आणि दुसऱ्याने छातीकडे बघून मोजायचे."

"म्हणजे दुसरा माणूस लागतेच."

"लागतोच."

ते काही वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. मी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि त्यांच्या सदऱ्याची वरखाली होणारी घडी मोजू लागले. मिनिट संपलं.

"चोवीस, बाबा."

कागद त्यांच्या पुढ्यात होता, पेन हातात होतं. त्यांनी लिहिलं नाही. खिडकीतून शेजारच्या अंगणात हाक मारली. तिथे टेंभुर्णे गुरुजी, निवृत्त शिक्षक, झाडांना पाणी घालत होते.

"गुरुजी, या बरं जरा. मोजायले माणूस पाहिजे."

गुरुजी हात पुसत आले, माझ्याकडे पाहून बिचकले. "सुनीती आहे ना घरी?"

"थे हाये," बाबा म्हणाले. "तुम्ही मोजा."

मी उठून गुरुजींना माझी खुर्ची दिली आणि कसं मोजायचं ते सांगितलं. घड्याळ काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ओठ हलवत, एकही न चुकवता मोजलं.

"पंचवीस झाले, वासेकर."

बाबांनी तारीख घातली आणि तिच्यापुढे पंचवीस लिहिलं.

"उद्यापासून मी येऊ नको का बाबा खोलीत?" मी विचारलं.

"येशील नाई तर काय," ते म्हणाले. अजून माझ्याकडे पाहत नव्हते. "गोळ्या दे, जेवाले दे, सारं तूच कर. मोजतील गुरुजी."